शुल्क बंद झाले, पण खर्च कुठे गेला?

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



या मेळाव्यात सकाळपासून बियाणे, खते आणि पीकसंरक्षण या विषयांवर आपण बरीच माहिती ऐकलीत. माझा विषय पिकाचा नाही, पैशाचा आहे. माल विकताना किंवा निविष्ठा विकत घेताना ठरलेल्या दराखेरीज जे दोन-चार टक्के निरनिराळ्या नावांनी जातात, त्यांच्याविषयी मला बोलायचे आहे. एखादे शुल्क सरकारने बंद केले की आपल्याला बरे वाटते. पुढच्या हंगामात तेवढीच रक्कम दुसऱ्या नावाने कापली गेली, तर ती मात्र आपल्या लक्षात येत नाही. असे का होते आणि त्यावर आपण काय करू शकतो, ते आज पाहू.

यासाठी मी पहिले उदाहरण ब्रिटनचे घेणार आहे. तेथे कार्डाने पैसे देणाऱ्याकडून घेतला जाणारा अधिभार एका ठरलेल्या दिवशी कायद्याने बंद झाला. त्यानंतर कंपन्यांनी काय केले, हे सर्वांसमोर आहे. एका दिवसात घडलेला असा बदल समजून घेतला, की आपल्या बाजारातील गुंतागुंतीचा व्यवहार उलगडणे सोपे जाते.

कार्डाने पैसे दिले की काय होते?

आपण दुकानात कार्ड यंत्रात घालतो आणि गुप्त क्रमांक दाबतो. आपल्या खात्यातून पूर्ण रक्कम वजा होते. पण दुकानदाराच्या खात्यात पूर्ण रक्कम जमा होतेच असे नाही. मधली काही रक्कम तीन ठिकाणी वाटली जाते. एक वाटा आपल्याला कार्ड देणाऱ्या बँकेचा, दुसरा दुकानदाराला यंत्र देणाऱ्या बँकेचा आणि तिसरा या दोन बँकांना जोडणाऱ्या जाळ्याचा, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा आपले रुपे यांचा. दुकानदाराकडून वळत्या होणाऱ्या या एकूण रकमेला आपल्याकडे एमडीआर म्हणतात.

हा खर्च खरा आहे. यंत्र, संगणक, सुरक्षा आणि फसवणुकीची जोखीम यांना पैसा लागतोच. रोख रकमेलाही खर्च आहे. नोटा मोजायच्या, सांभाळायच्या, बँकेत न्यायच्या. पण तो खर्च कोणी बिलावर लिहीत नाही. कार्डाचा खर्च मात्र दुकानदाराला रोज डोळ्यांसमोर दिसतो. म्हणून तो ग्राहकाला म्हणतो, ‘कार्डाने देणार असाल तर वरचे इतके लागतील.’ हाच कार्डाचा अधिभार.

ब्रिटनमधील बंदी

ब्रिटनमध्ये हा अधिभार मोठ्या प्रमाणावर घेतला जाई. विमानाची तिकिटे, कार्यक्रमांची तिकिटे, घरपोच जेवण आणि काही सरकारी भरणे यांवरही तो होता. कार्डाचा खरा खर्च थोडा आणि अधिभार मात्र भरमसाट, अशी ग्राहकांची तक्रार होती. ‘विच?’ या तेथील ग्राहक संस्थेने २०११ मध्ये याविरुद्ध औपचारिक तक्रार दाखल केली. ब्रिटिश सरकारच्या अंदाजानुसार २०१० या एका वर्षात ग्राहकांनी कार्ड अधिभारापोटी ४७ कोटी ३० लाख पौंड भरले होते.

त्यानंतर टप्प्याटप्प्याने पावले उचलली गेली. एप्रिल २०१३ पासून असा नियम आला, की व्यापाऱ्याला कार्डाचा जेवढा खर्च येतो तेवढाच अधिभार घ्यावा, त्यापेक्षा जास्त नाही. डिसेंबर २०१५ पासून युरोपीय संघाने मूळ खर्चालाच हात घातला. कार्ड देणाऱ्या बँकेला जो वाटा मिळतो, त्यावर डेबिट कार्डासाठी ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्के अशी कमाल मर्यादा घातली. शेवटी १३ जानेवारी २०१८ पासून सर्वसामान्य ग्राहकांच्या कार्डांवर कोणताही अधिभार घेण्यास ब्रिटनमध्ये पूर्ण बंदी झाली.

नाव बदलले, आकार राहिला

आता बंदीनंतर काय झाले ते पाहा. ‘जस्ट ईट’ ही घरपोच जेवण पोचविणारी कंपनी कार्डाने पैसे देणाऱ्याकडून प्रत्येक मागणीमागे ५० पेन्स घेत असे. (१०० पेन्स म्हणजे एक पौंड.) बंदी आल्यावर कंपनीने कार्डाचे ५० पेन्स बंद केले आणि प्रत्येक मागणीवर ५० पेन्स ‘सेवा आकार’ सुरू केला. मागणी कार्डाने असो वा रोखीने, आकार सर्वांना सारखाच. कायद्याने कार्ड वापरण्याबद्दल वेगळे पैसे घेण्यास मनाई केली होती; सर्वांकडून सारखा आकार घेण्यास मनाई केलेली नव्हती. त्यामुळे कायद्याचा भंग झाला असे म्हणता येत नव्हते.

याचा हिशेब मांडून पाहू. समजा, एखाद्या कंपनीकडे दिवसाला १०० मागण्या येतात. त्यांपैकी ६० जण कार्डाने पैसे देतात आणि ४० जण रोखीने.

बंदीपूर्वी: ६० मागण्या × ५० पेन्स = ३० पौंड.
बंदीनंतर: १०० मागण्या × ५० पेन्स = ५० पौंड.

आकडे माझे आहेत, केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. पण त्यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. अधिभारावर बंदी आली आणि वसुली २० पौंडांनी वाढली. ही वाढ कोणाच्या खिशातून आली? ज्यांनी कार्ड वापरलेच नव्हते, त्या रोखीवाल्या ४० जणांच्या. कार्डवाल्याचे ५० पेन्स वाचले नाहीत आणि रोखीवाल्याचे नव्याने गेले. पूर्वी निदान रोख देऊन ते पैसे वाचविण्याची सोय होती. आता ती वाटही बंद झाली.

सर्वांनीच असे केले नाही. ब्रिटनच्या कर खात्याने दुसरा मार्ग धरला. क्रेडिट कार्डाचा खर्च करदात्याकडून घेता येत नाही म्हटल्यावर, त्या खात्याने त्याच दिवसापासून वैयक्तिक क्रेडिट कार्डाने कर स्वीकारणे बंद केले. म्हणजे शुल्कही गेले आणि त्याबरोबर सोयही गेली. काही लहान दुकानांत ‘पाच पौंडांच्या आत कार्ड चालणार नाही’ अशा पाट्या होत्या. अशी किमान मर्यादा ठेवण्यास बंदी नव्हती. आणखी काही ठिकाणी मालाची किंमतच थोडी वाढली असेल, तर ती कोणाच्या लक्षातही आली नसेल.

थोडक्यात, खर्चाला बाहेर पडण्याच्या चार वाटा असतात. दुसऱ्या नावाचे शुल्क, सर्वांवर वाटणी, किंमतवाढ आणि सोय बंद करणे. कायद्याने एक दार बंद केले, की पाणी उतार असेल त्या बाजूने वळते. बांध घालताना पाणी पुढे कुठे जाईल, हे आपण आधी पाहतो. शुल्काच्या बाबतीतही तेच पाहावे लागते.

मग बंदीचा उपयोगच नाही का?

असा निष्कर्ष कोणी काढू नये. बंदीमुळे दोन फायदे झाले. पहिला असा, की पैसे भरण्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर अचानक पुढे येणारा एक आकडा कमी झाला. दुसरा असा, की जेथे किंमत आधीच पूर्ण दिसते तेथे ग्राहक दोन दुकानांची तुलना करू शकतो. तुलना झाली की विक्रेत्याला आपला खर्च आवरावा लागतो.

त्याहून मोठा उपाय २०१५ चा होता, कारण त्याने शुल्काचे नाव न बदलता मूळ खर्चच कमी केला. पण त्या नियमाची चर्चा बंदीइतकी झाली नाही.

पुढे ब्रिटनने आणखी एक पाऊल टाकले. २०२४ च्या ग्राहकविषयक कायद्यानुसार, जे शुल्क ग्राहकाला टाळताच येत नाही, ते सुरुवातीला दाखविलेल्या किमतीतच धरले पाहिजे, असा नियम ६ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. सुरुवातीला कमी किंमत दाखवायची आणि मग एकेक आकार वाढवीत न्यायचा, या पद्धतीला ठिबक दर म्हणता येईल. ठिबक संचातून पाणी थेंब थेंब पडते. पण टाकी रिकामी होतेच. आपल्या देशातही ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या पद्धतींविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांतील १३ प्रकारांमध्ये या ठिबक दराचा समावेश आहे.

आपल्या देशातील स्थिती

आता आपल्याकडे वळू. ‘कार्डाने देणार असाल तर दोन टक्के जास्त लागतील,’ हे वाक्य आपणही तालुक्याच्या दुकानात ऐकले असेल. भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे, की डेबिट कार्डाने पैसे देणाऱ्या ग्राहकाकडून दुकानदाराने वेगळे शुल्क घेणे मान्य नाही. असे करणाऱ्या दुकानदाराशी बँकेने व्यवहार थांबवावा, असेही त्यात सांगितले आहे.

दुकानदाराला डेबिट कार्डावर किती खर्च येतो, तेही पाहू. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या नियमानुसार, ज्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत आहे त्या लहान दुकानदाराला कार्ड यंत्रावर जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि त्याहून मोठ्या दुकानदाराला ०.९० टक्के एमडीआर लावता येतो. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरील एमडीआर तर शून्य करण्यात आला. म्हणजे ८,००० रुपयांची खते-औषधे घेताना डेबिट कार्डावर दोन टक्क्यांनी १६० रुपये मागितले गेले, तर लहान दुकानदाराचा खरा खर्च फार तर ३२ रुपये असतो आणि रुपे डेबिट कार्डावर काहीच नसतो. क्रेडिट कार्डाची गोष्ट वेगळी आहे. तेथे दुकानदाराचा खर्च जास्त असतो. म्हणून आपल्याजवळचे कार्ड कोणत्या प्रकारचे आहे, हे बँकेत विचारून घ्यावे. किसान क्रेडिट कार्डाच्या खात्यावर मिळणाऱ्या कार्डाबद्दलही तशीच खात्री करून घ्यावी, केवळ नावावरून अंदाज बांधू नये.

शून्य शुल्काचा अर्थ शून्य खर्च असा मात्र नाही. २०२० मध्ये काही बँकांनी यूपीआयचे ठरावीक संख्येपर्यंतचे व्यवहार मोफत ठेवून पुढच्या व्यवहारांवर शुल्क घेण्यास सुरुवात केली. तेव्हा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ३० ऑगस्ट २०२० रोजी परिपत्रक काढून, १ जानेवारी २०२० पासून घेतलेले असे शुल्क परत करण्यास सांगितले. हा खर्च भरून काढण्यासाठी सरकार बँकांना प्रोत्साहनपर रक्कम देते. २०२४-२५ या वर्षासाठी लहान दुकानदारांच्या छोट्या यूपीआय व्यवहारांकरिता सुमारे १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली होती. शेवटी तो पैसाही जनतेचाच आहे. दुकानात पैसे आल्याचे बोलून सांगणाऱ्या यंत्राचे मासिक भाडे, मोबाइल रिचार्जवर काही ॲप घेत असलेले रुपया-दोन रुपये, हेही त्याच खर्चाचे झरे आहेत.

खतांच्या दुकानातही हाच प्रकार वेगळ्या रूपात भेटतो. ४५ किलो युरियाच्या गोणीचा दर २६६ रुपये ५० पैसे असा बांधून दिलेला आहे. दर वाढविता येत नाही म्हणून गोणीबरोबर नको असलेले दुसरे उत्पादन घ्यायला लावले जाते. त्याला आपण लिंकिंग म्हणतो. गोणीवरची किंमत पाळली गेली. पण आपल्या खिशातून जायचे ते गेलेच.

बाजार समितीतील अडत

आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण अडतीचे आहे. शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत कापू नये, ही मागणी फार जुनी. डिसेंबर २०१४ मध्ये पणन संचालकांनी तसा आदेश काढला. पण त्याला लगेच स्थगिती मिळाली. पुढे जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने अध्यादेश काढून फळे-भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याची तरतूद केली. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. नाशिक जिल्ह्यात कांद्याचे लिलाव थांबले. त्यानंतर कांदा मोकळा न आणता गोणीत भरून आणावा, असा आग्रह व्यापाऱ्यांनी धरला. गोणी, भराई आणि शिलाई यांचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसणार होता, म्हणून शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. अडतीचे दार बंद झाले आणि गोणीचे उघडू लागले, असा हा प्रकार होता.

अडत खरेदीदाराकडे गेल्याने आपल्या हातात किती पडते, याचाही हिशेब करू. समजा, अडत ४ टक्के आहे आणि खरेदीदाराची एका क्विंटलला एकूण १,००० रुपये खर्च करण्याची तयारी आहे.

पूर्वी: बोली १,००० रुपये, वजा अडत ४० रुपये, शेतकऱ्याला ९६० रुपये.
आता: अडत खरेदीदाराने भरायची म्हणून तो बोली सुमारे ९६१ रुपयांची लावतो, शेतकऱ्याला ९६१ रुपये.

कायदा बदलला आणि हातातली रक्कम एका रुपयाने बदलली! मग फायदा कधी होईल? एका ढिगाभोवती बोली लावणारे पाच-सात खरे खरेदीदार उभे असतील तेव्हा. प्रत्येकाला माल हवा असेल तर अडतीचा भार स्वतः सोसून कोणी तरी ९७५ किंवा ९९० रुपये म्हणेल. खरेदीदार दोनच असतील आणि तेही एकमेकांच्या ओळखीचे असतील, तर अडत कोणाच्या नावावर लिहिली आहे याने आपल्याला फारसा फरक पडत नाही. म्हणून अडत कोणी द्यायची या प्रश्नाबरोबरच, आपल्या बाजारात खरेदीदार किती, हा प्रश्नही आपण विचारला पाहिजे.

आणखी एक कपात तर ब्रिटनच्या कार्ड अधिभाराची सख्खी बहीण आहे. काही ठिकाणी व्यापारी म्हणतो, ‘पैसे पंधरा दिवसांनी घ्या, नाहीतर आज रोख हवे असतील तर दोन टक्के कटती.’ तिकडे पैसे कसे दिले यावरून अधिभार, इकडे पैसे कधी घेतले यावरून कटती. माल आपला, वजन झालेले, दर ठरलेला. मग स्वतःचेच पैसे वेळेवर घेण्याबद्दल शुल्क कशासाठी? नियमात किंवा बाजार समितीच्या उपविधीत नसलेली सूट वा कपात व्यापाऱ्याला करता येत नाही, हे आपण लक्षात ठेवावे. क्विंटलमागे किलो-दोन किलो कडता धरणे हाही त्याचाच प्रकार.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. दर विचारू नये, हातात येणारी रक्कम विचारावी. माल विकताना ‘सर्व कपात होऊन क्विंटलला किती?’ आणि निविष्ठा घेताना ‘सर्व धरून एकूण किती?’ हा एकच प्रश्न व्यवहार ठरण्यापूर्वी विचारावा.

२. दोन व्यापाऱ्यांची तुलना बोलीवरून करू नये. समजा, २० क्विंटल सोयाबीन आहे. पहिला व्यापारी ४,६०० रुपये दर सांगतो. पण क्विंटलला एक किलो कडता, दोन टक्के कटती आणि २० रुपये हमाली-तोलाई कापतो. दुसरा ४,५२० रुपये सांगतो आणि फक्त २० रुपये हमाली-तोलाई कापतो. पहिल्याकडून हातात ८८,८५८ रुपये पडतात, दुसऱ्याकडून ९०,०००. कमी बोलीवाल्याकडे ११४२ रुपये जास्त मिळाले.

३. प्रत्येक व्यवहाराची पक्की हिशेबपट्टी आणि खरेदीचे पक्के बिल घ्यावे. प्रत्येक कपात तिच्या नावासह लिहून मागावी. तोंडी कपातीची दाद कोठेही लागत नाही.

४. दोन-तीन हंगामांच्या पट्ट्या जपून ठेवाव्यात. एक कपात बंद झाली त्या हंगामात दुसरी कोणती सुरू झाली किंवा वाढली, हे पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

५. गटाने विक्री करावी. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गट यांच्यामार्फत मोठी रास एकत्र आली, की खरेदीदार अधिक येतात आणि कपातीच्या अटी झुगारण्याचे बळ मिळते.

६. तक्रार योग्य ठिकाणी करावी. पट्टीतील कपातीबद्दल बाजार समितीच्या सचिवाकडे व तेथे दाद न मिळाल्यास सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे. खतांच्या लिंकिंगबद्दल तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे. बँकेच्या शुल्काबद्दल आधी बँकेकडे व नंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे लेखी अर्ज द्यावा. दुकानातील जादा आकारणीबद्दल १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते.

बंधू-भगिनींनो, शेतमालाच्या व्यवहारात वजन, वाहतूक, हाताळणी आणि पैसे पोचविणे यांना खर्च येतो आणि ज्याने खरे काम केले त्याला त्याचे दाम मिळालेच पाहिजे. आपला आक्षेप त्यावर नाही. खर्च किती, तो कोणाचा आणि तो आपल्यावर का, हे व्यवहारापूर्वी उघड सांगितले जावे, एवढाच आपला आग्रह असावा. सरकार शुल्काचे एक नाव पुसू शकते. त्या जागी आलेले दुसरे नाव ओळखण्याचे काम पट्टी हातात घेणाऱ्यालाच करावे लागते. येत्या हंगामाची पहिली पट्टी हातात आली, की घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीला जवळ बसवा आणि तिच्यातील प्रत्येक ओळीचा हिशेब करा. त्यात शंका आल्यास आपल्या भागातील कृषि विज्ञान केंद्राशी अवश्य संपर्क साधावा.